खालून धरायचा गज

आधी वाद्य आत आलं, मग माणूस. म्हणजे यायला बघत होतं... पण दारातच अडकलं. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारखं, पोट सुटलेलं डबल बास, आणि त्याच्या मागून आवाज — "जरा ओढता का तिकडून?"

मी ओढलं. चौकटीचा रंग खरवडला. तो उंच माणूस ओशाळून हसला आणि त्या दिवशीच्या माझ्या कामाचे तीनतेरा वाजले.

"गज घ्यायचाय. कारागीर कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर," मी म्हणाले.

"अरे बापरे!"

"घाबरायला काय झालं?"

"घाबरलो नाही... खूश झालो."

आगाऊच होता. पण डोळे चांगले होते, हे मी तेव्हाच स्वतःशी कबूल करून टाकलं.

गज बनवायचं हे दुकान खरं तर बाबांचं. त्यांच्या हातात आता जोर उरलेला नाही. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसतात, पंजे मांडीवर ठेवून, आणि माझं काम बघतात.

मी तीन काठ्या काढल्या. एकेक करून टेबलावर अलगद सोडली.

"ऐका. ही पर्नाम्बुको. तांबूस लाकूड, कशी खणखणीत वाजली! आणि ही दिसायला सगळ्यांत देखणी, पण आवाज मठ्ठ."

"म्हणजे रूपावर जायचं नाही?"

"गजाच्या बाबतीत तरी नाही."

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला आणि माझ्याकडेच बघत राहिला. मी उगाच गजाला लावायचे घोड्याचे केस विंचरायला घेतले.

बारा वर्षं तो वाद्यवृंदात बदली वादक होता. कुणी आजारी पडलं की याला बोलावणं. आता एक कायमची जागा निघाली होती आणि महिन्याभरात चाचणी होती. त्याने खणखणीत काठी निवडली. मी ती ज्योतीवर तापवून बाक दिला, केस ताणले. तो दिवसाआड यायचा, वाजवून बघायचा. दुकानाच्या काचा थरथरायच्या... आणि मीही थोडीशी.

"छान आहे. पण थोडा जड हवा."

मी मुठीपाशी चांदीची तार गुंडाळली.

"अजून थोडा."

अजून गुंडाळली.

"अजून जरासा..."

तिसऱ्यांदा मात्र मी तार खाली ठेवली.

चार वर्षांपूर्वी बाबांनी असाच आपला हलका रंधा बाजूला ठेवून जड रंधा घेतला होता. जोर लावता येईना, म्हणून ते लोखंडाच्या वजनाकडून काम करून घेत होते. मला ते दिसलं होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता.

मी त्याचा उजवा हात नीट पाहिला. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस बसलेलं. गजाच्या केसांना घासायची राळेची वडी त्याच्या बोटांतून निसटली. तो हसला, पण उचलली डाव्या हाताने.

"सांग त्याला," खुर्चीतून बाबा म्हणाले. एवढंच.

"हात कधीपासून गेलाय?" मी विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "कोण म्हणालं?"

"गजावरून कळलं. हाताने दाब देता येत नाही, म्हणून तुम्ही तो काठीत मागताय."

त्याने उजवा हात खिशात घातला.

"हा गज देते. चाचणी कदाचित निघेलही. पण एवढं वजन वरून धरून रोज वाजवलंत, तर उरलेला पंजाही जाईल. आधी डॉक्टरांना दाखवा. मग... तळहात खाली घालून, खालून धरायचा गज घ्या. त्याला बोटांचा जोर कमी लागतो."

"वरून धरायला शिकण्यात माझी वीस वर्षं गेलीत! चाचणी पंधरा दिवसांवर आलीय!"

"या वेळची सोडा."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला?"

तो जड गज घेऊन निघून गेला. या वेळी वाद्य दारात अडकलं नाही, सवय झाली होती. मी पाठ फिरवून भुसा झाडत बसले. बाबांना माझं तोंड दिसू नये म्हणून.

पंधरा दिवस तो आला नाही. बाबांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली जुनी काठी मी खाली काढली आणि उंच मुठीचा गज घडवला, खालून धरायचा. कुणी मागितला नव्हता. बाबांनी का म्हणून विचारलं नाही.

मग एका दुपारी तो आला. वाद्य नव्हतं, खांदे पावसाने भिजलेले.

"चाचणीत दुसऱ्या पानावर गज हातातून पडला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. शेजारच्याने उचलून दिला... परत पडला."

मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"डॉक्टरांना दाखवलं. कोपरात नस दबलीय, ऑपरेशन करायचंय. हातात किती जोर परत येईल ते सांगता येत नाही म्हणाले." त्याने ओले केस मागे सारले. "फार चिडलो होतो तुमच्यावर. गप्प बसला असतात तर पंधरा दिवस सुखात तरी गेले असते..."

"बाबांच्या वेळी बसले होते गप्प. परत नाही जमायचं."

त्याने खुर्चीतल्या बाबांच्या त्या दोन हातांकडे पाहिलं.

"हात द्या," मी म्हणाले.

"काय?"

"शेकहँड करतो ना, तसा. हा गज असाच धरायचा." मी घडवलेला नवा गज टेबलावरच होता. त्याच्या जागी मी माझा हात पुढे केला होता. "करंगळीला कळतंय?"

"नाही."

"तिच्या शेजारची?"

"नाही."

"अंगठा?"

"अंगठ्याला कळतंय... तुमचा हात गार पडलाय."

"भीती वाटतेय मला. हे शिकायला दोन-तीन वर्षं लागतील. रोज यावं लागेल."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तरी या," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. वाजवता म्हणून नाही."

त्याने मान खाली घातली. तीन बोटांनी माझा हात घट्ट धरला. उरलेली दोन मी धरली.