मॉडचा मागचा आडवा बीम

मटाराच्या शेतात एक उंच, सडपातळ माणूस दोन्ही हात हवेत फिरवत, ओरडत धावत सुटला होता.

"हुश्श! चला, उडा! उडा म्हणतो ना!"

कुंपणालगतच्या जाळीआड बसलेल्या हेस्टरनं आधी बंदुकीची नळी खाली वाकवून काडतुसं बाहेर काढली, खिशात टाकली, आणि मग कपाळावर हात मारला. सकाळपासून ती दबा धरून बसली होती. दुरून रानकबुतरांचा थवा नुकता वळला होता, पंख मिटून खाली उतरायच्या बेतात... आणि हा प्राणी मध्येच उपटला.

धावत धावत तो कबुतरांपाशी पोचला. ती हलली नाहीत. त्यानं टाळ्या वाजवल्या. तरी हलली नाहीत. शेवटी त्यानं वाकून एक कबूतर उचललं, उलटं केलं, आणि पोटातून निघालेल्या काठीकडे बघत राहिला.

जाळीआडून हसण्याचा असा काही फवारा उडाला की हेस्टरची कुत्री पिप दचकून उठून बसली.

"कोण आहे तिकडे?"

"ज्यांची कबुतरं तुम्ही हाकलताय, त्या आहेत इकडे!" हेस्टर जाळी बाजूला सारून उभी राहिली. केसांत गवत, गालावर चिखल, कोपरात उघडी बंदूक. "खरी होती ती केव्हाच पळाली. प्लास्टिकची तेवढी तुमच्यासाठी थांबलीत."

त्याचे कान लालबुंद झाले. "मी... मार्जरी मावशींचा भाचा. यूअन. मावशी म्हणाली, कबुतरं मटार फस्त करताहेत, जरा बघ."

"आणि मला म्हणाली, हेस्टर, जरा टिप. तिनं दोघांनाही कामाला लावलंय." ती जवळ येत म्हणाली, "ते खाली ठेवा. वाऱ्याकडे तोंड करून. वाऱ्याकडे पाठ करून कबूतर कधी बसतं का?"

"बसत नाही?"

"तुमच्या शेपटीकडून वारा आला तर तुम्ही बसाल?"

त्यानं गंभीरपणे विचार केल्यासारखं केलं. "शेपटी किती लांब आहे त्यावर अवलंबून."

हेस्टरला हसायचं नव्हतं. पण ओठांनी ऐकलं नाही.

यूअन एडिंबरात नकाशे काढायच्या कचेरीत होता. मावशी जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तो उन्हाळ्यापुरता नॉर्थम्बरलंडच्या या डोंगराळ कोपऱ्यात आला होता. सप्टेंबर संपला की परत. तसं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि हेस्टरनंही 'मला काय त्याचं' अशा थाटात मान हलवली.

पण तो रोज येऊ लागला. जाळीआड गुपचूप बसायला शिकला. पाऊस भुरभुरला की दोघं एकाच छत्रीखाली खांद्याला खांदा लावून आकाशाकडे बघत बसत. ती बंदूक वर उचले तेव्हा तो श्वास रोखे. टिपलेली कबुतरं ती आजवर गावच्या खाटकाकडे धाडायची. यूअननं एकदा छोट्या स्टोव्हवर त्यांच्या छातीचे तुकडे डुकराच्या खारवलेल्या पट्टीत गुंडाळून परतले आणि गरम स्टॉटीत, म्हणजे तिकडच्या जाडजूड गोल पावात घालून तिच्या हातावर ठेवले.

पहिल्या घासाला हेस्टरनं डोळे मिटले.

"कसं झालंय?"

"बोलू नकोस," ती म्हणाली. "खातेय ना मी."

अहो-जाहो त्या पावातच कुठेतरी विरघळलं.

हेस्टरचं खरं साम्राज्य होतं घरामागची पत्र्याची शेड. तिथं उभी असायची मॉड. उंच चाकांची, हिरवा रंग उडालेली जुनी जीप, हेस्टरपेक्षा वयानं मोठी. हेस्टरच्या वडिलांनी, विल्फ डॉड्स यांनी, ती तरुणपणी भंगारातून उचलून उभी केली होती. आता विल्फचे हात थरथरत. चहाचा मगसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. पण मॉडचा आवाज ऐकला की त्यांची मान ताठ व्हायची.

या वर्षी मॉडच्या सांगाड्याचा मागचा आडवा बीम गंजून पार खिळखिळा झाला होता. ऑक्टोबरात वार्षिक तपासणी. त्यात नापास झाली तर मॉड रस्त्यावर येणार नाही. आणि मॉड नाही तर हिवाळ्यात शेतोशेती जाऊन कबुतरं टिपायचं हेस्टरचं कामही नाही.

"अगं पोरी, दे की मला सुट्या भागांसाठी," शेजारचा कथबर्ट हॉल येता-जाता म्हणायचा. "पत्रा कमी, गंज जास्त. एकटीच्यानं नाही व्हायचं."

हे 'एकटीच्यानं' हेस्टरला झोंबायचं. त्यालाही कारण होतं. मागे एक जण तिच्याबरोबर हिंडत असे. मॉडचं इंजिन हेस्टरनं सबंध हिवाळा खपून बांधलं, आणि त्यानं गावभर सांगितलं, मीच बांधून दिलं. गावानं विश्वासही ठेवला! तेव्हापासून मॉडच्या एका नटालाही तिनं परक्याचा हात लागू दिला नव्हता.

म्हणून सप्टेंबरात एका दुपारी यूअन शेडच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मॉडच्या खालून आवाज आला, "हात लावायचा नाही."

"खिशात आहेत दोन्ही."

"...बरं, गन दे."

"बंदूक? ती तर कपाटात कुलूपबंद आहे."

"नट खोलायची गन रे! ती बॅटरीवाली, पिवळी. तुझ्या पायाशी."

त्यानं ती सरकवली. घर्रर्र करून गंजलेला नट सुटला, दुसरा सुटला, तिसरा काही केल्या सुटेना. मग हेस्टर बाहेर आली. डोळ्यांवर चष्मा, कानांवर जाड पट्टा चढवून तिनं ग्राइंडर सुरू केला. ठिणग्यांचा पिसारा फुलला. यूअन बघतच राहिला. त्या किंचाळत्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार! त्याला धीर आला आणि तो मोठमोठ्यानं बोलत सुटला—

"मावशी चालायला लागली! पुढच्या आठवड्यात मी जायला हवं! पण मला जायचं नाहीये! मी काल मावशीला सांगितलं, शेत मी बघतो! आणि हेस्टर, मला तू इतकी—"

ग्राइंडरची बॅटरी संपली.

"—आवडतेस!"

शेडमध्ये एवढी शांतता पसरली की पत्र्यावरच्या चिमणीची पावलं ऐकू यावीत.

हेस्टरनं कानावरचा पट्टा हळूच खाली ओढला. तिच्या गालांवर काजळी होती, तरी त्याखालचा रंग लपला नाही.

"बॅटरी बदल," ती म्हणाली.

"हेस्टर..."

"दुसरी चार्जरवर आहे. आणि ऐक. माझ्यासाठी थांबत असशील तर नको थांबूस. उद्या म्हणशील, हिच्यापायी नोकरी सोडली."

"मी शेतासाठी थांबतोय," यूअन बॅटरी काढत म्हणाला. "पहाटे ओल्या मटाराचा वास येतो ना, त्यासाठी. तू हो म्हण, नको म्हण, मी इथंच आहे. तू आवडतेस ही वेगळी गोष्ट. ती... वरची भर."

तिनं नुसता हात पुढे केला. पण बॅटरी घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली.

जुना बीम कापून निघाला. नवा तिनं स्वतः मापानं कापून, भोकं पाडून तयार ठेवला होता. खरी अडचण आता होती. एकानं तो जड बीम अचूक जागी धरायचा, दुसऱ्यानं वेल्डिंगचे डाग द्यायचे. जॅक लावून पाहिला, तो सरकला. विल्फ पुढे आले, त्यांनी हात वर केले, आणि ते थरथरणारे हात बघून पुन्हा खाली घेतले. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावरचं अपमानासारखं काहीतरी हेस्टरला बघवेना.

ती बराच वेळ वेल्डिंगचा मुखवटा हातात फिरवत उभी राहिली. मग, आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य तिच्या तोंडून निघालं, अगदी हळू.

"यूअन... जरा धरतोस?"

त्यानं खिशातून हात काढले.

कातड्याचे हातमोजे, जुना जाड कोट, डोक्यावर विल्फचा दुसरा मुखवटा. गुडघ्यांवर बसून त्यानं बीम खांद्यावर घेतला. "केसभर वर," ती सांगायची, "आता डावीकडे... हां, श्वास घे, पण हलू नकोस." तो हलला नाही. मान अवघडली, हात बधिर झाले, एक ठिणगी कॉलरमधून आत शिरली तेव्हा त्यानं फक्त दात आवळले. विल्फ स्टुलावर बसून ओळंबा बघत होते. "एक सूत उजवीकडं जास्त... शाब्बास, पोरी!" सूर्य टेकडीमागे कलेपर्यंत निळ्या प्रकाशात तिचे सरळ, सारखे टाके उमटत राहिले.

काम संपलं तेव्हा ती त्याची कॉलर बाजूला करून भाजल्याची लाल खूण बघत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"हलू नकोस म्हणाली होतीस."

तिनं त्या खुणेवर गार पाण्याचा फडका ठेवला, आणि बराच वेळ हात काढलाच नाही.

तपासणीच्या दिवशी कथबर्टही मुद्दाम हजर झाला. त्याच्याबरोबर आणखी चार बघे. तपासनीस नॉर्मन हा जाड भुवयांचा, कुणाचं कौतुक न करणारा माणूस. तो मॉडच्या खाली शिरला, हातोडीनं बीम ठोकून पाहिला. ठण्ण! स्वच्छ, भरीव आवाज. सांध्यांवरून बोट फिरवलं. दिव्याच्या उजेडात परत एकदा पाहिलं.

"पास," तो बाहेर येत म्हणाला. "असं वेल्डिंग हल्ली दिसत नाही. कुणाचं काम?"

आणि सगळ्यांच्या नजरा सवयीनं यूअनकडे वळल्या. कथबर्टनं तर त्याच्या पाठीवर थापही मारली. "वा रे गड्या! छुपा रुस्तम निघालास की!"

पुन्हा तेच, हेस्टरला वाटलं. तिनं ओठ घट्ट मिटले, नजर जमिनीवर लावली.

"चुकीच्या पाठीवर थाप मारलीत," यूअन म्हणाला. आवाज शांत, पण मागच्या माणसालाही ऐकू जाईल असा. "माप तिचं, कापणं तिचं, टाका अन् टाका तिचा. मला तर यातला पाना कुठला आणि पक्कड कुठली तेही सांगता येत नाही. मी नुसता खांब होतो."

कथबर्ट खो-खो हसला. "खांब म्हणे! ऐकलंस का गं, हेस्टर?"

हेस्टरनं मान वर केली. वडिलांसारखीच ताठ मान.

"ऐकलं. पण तो खांब नाही, कथबर्ट," ती म्हणाली. "तो माझा माणूस आहे."

नॉर्मनच्या भुवया वर गेल्या. कथबर्टचं हसणं अर्ध्यावरच थांबलं. आणि यूअन... त्याचे कान असे पेटले की विल्फ काठीवर रेलून गालातल्या गालात हसू लागले.

"काय उभे राहिलात?" विल्फ म्हणाले. "चला घरी. मी पिपबरोबर मागं बसतो. पुढं मला थंडी वाजते."

"बाबा, हीटर पुढेच आहे."

"असू दे."

मॉड धडधडत सुरू झाली. पुढच्या बाकावर मधली जागाच तेवढी धड होती. कडेच्या जागेवर हेस्टरचं हत्यारांचं खोकं. यूअन पाय दुमडून कसाबसा मधे बसला. गेट ओलांडून रस्ता चढाला लागला, हेस्टरनं गिअर बदलायला हात पुढे केला आणि तो त्याच्या गुडघ्यावर आपटला.

"गुडघा काढ."

"कुठं ठेवू?"

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खरंच कुठं जागा नव्हती. समोर ओली टेकडी लालसर झालेल्या नेच्याच्या झुडपांनी उजळली होती, मागे बाबा पिपशी काहीतरी बोलत असल्याचं सोंग करत होते...

"राहू दे मग," ती म्हणाली. आणि चढ संपेपर्यंत तिनं गिअर बदललाच नाही.