वेंडेलला तिसरी हाक

त्या दिवशी माझं काम अगदी साधं होतं. संत्र्याच्या रसाचे चार खोके आणि दोनशे सँडविच मैदानावर पोचवायची आणि परत यायचं. एक्क्याण्णवचा फेब्रुवारी होता, आखातातली लढाई चालू होती, आणि ताइफच्या अमेरिकी तळावर जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर होतो. पण माइक दिसला की माझे पाय हलत नाहीत. हर्णैत कुणालाही विचारा. गावच्या क्रिकेट स्पर्धांत बारा वर्षं कॉमेंट्री केलीय मी. घसा बसला तरी हा हाशम मुकादम बसायचा नाही.

तळावरच्या माइकपर्यंत मला नेलं वेंडेलनं. तो फौजेचा ट्रक चालवायचा. त्याआधी शिकागोत तो पाहुण्यांची बस चालवत असे. दुपारी त्यांना बेसबॉलच्या सामन्याला न्यायचं, संध्याकाळी नाटकाला, आणि मग ब्लूज गाणाऱ्यांच्या क्लबात. मेसमध्ये बसून त्यानं मलाही ते अख्खं शहर फिरवून आणलं. तिथला शेंगदाणेवाला दहा रांगांवरून पुडी फेकतो आणि ती बरोब्बर हातात पडते. सातव्या डावात सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, आळोखेपिळोखे देतं आणि एका सुरात गातं. क्लबातली गाणारी बाई शेवटचं गाणं गात टेबलांमधून फिरते आणि जो एकटा बसलाय त्याच्याजवळ येऊन थांबते. हे ऐकून मला भरून आलं होतं. परक्या गावातून आलेल्या माणसाची अशी बडदास्त ठेवणारी माणसं मला फार मोठी वाटली, आजही वाटतात.

वेंडेलला स्वतःसाठी मात्र एकच गोष्ट हवी होती. त्याची आई एकटी राहायची. निघताना तिनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं.

“लढाई कशीही संपो, हाशम,” तो म्हणायचा, “मला आईच्या दारात जाऊन उभं राहायचंय. बाकी काही नाही.”

मी रोज नमाजात त्याच्यासाठी तेवढंच मागत होतो.

त्या दिवशीचा बेसबॉलचा सामना वेंडेलच्या तुकडीचा शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी उत्तरेला जाणार होती. खडीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, पाण्याच्या रिकाम्या पेट्यांवर माणसं दाटीनं बसली होती. उद्या कुठे जायचंय हे माहीत असूनही ती पोरं अशी हसत होती की बघत राहावं. फक्त वेंडेल आला नव्हता. तो जेद्दाच्या बंदरावरून सामान आणायला गेला होता. मक्केला वळसा घालून, मग हदाचा घाट चढून यायचं, म्हणजे उशीर व्हायचाच. पण त्याच्या संघात आठच जण होते. नववा आला नाही तर सामना सोडावा लागणार होता.

साडेपाच झाले. उन्हं डोंगराआड गेली होती. मी माइक हातात घेतला.

आमच्याकडे उशिरा येणाऱ्या खेळाडूला तीन हाका मारतात. पहिली नावानं, दुसरी गावाच्या नावानं, आणि तिसरी अशी की माणूस जेवत्या ताटावरून उठून यावा. मी तसंच केलं. पहिल्या दोन हाका इंग्रजीत मारल्या. तिसऱ्या वेळी रंगात आलो आणि आपोआप आपली भाषा तोंडात आली. “वेंडेल, असशील तिथनं निघून ये रे! निघून ये!” पोरं हसली. मला मात्र लगेच आठवलं, प्रवासात असलेल्या माणसाला दिवेलागणीला, मगरिबीच्या सुमाराला नावानं हाक मारायची नाही, असं आमची अम्मी सांगायची. तोवर हाक मारून झाली होती.

वेंडेल आला. फाटकातून आला नाही, मैदानाच्या पलीकडच्या उघड्या माळावरून चालत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं बॅट घेतली आणि पहिलाच चेंडू असा मारला की मी कॉमेंट्री विसरलो. पळाला, फेरी पूर्ण केली. त्याच्या पाठीवर थापा पडत होत्या आणि थाप मारणारा प्रत्येक जण हात मागे घेऊन पँटला पुसत होता. ते तेव्हा मला घामामुळे वाटलं.

मग तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. घाट उतरताना ट्रकचे ब्रेक तापतात, तसा करपट वास आला. मी रसाचा ग्लास पुढे केला. त्यानं घेतला नाही. चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या माणसासारखा तो इकडेतिकडे बघत होता.

“हाशम...” अगदी हळू म्हणाला, “मी पोचलो होतो...”

“कुठे पोचला होतास?”

“तू का बोलावलंस...”

तेवढ्यात जीप आली. कॅप्टन उतरला आणि त्यानं खेळ थांबवायला सांगितलं. मी त्याच्याकडे बघितलं तेवढाच वेळ, मान वळवली तर टेबलापाशी कुणी नव्हतं. कॅप्टन सांगत होता, हदाच्या घाटात ट्रक दरीत गेलाय. तीन वाजता. वेंडेल जागीच गेला, प्रेत वर काढलंय, त्यानं स्वतः पाहिलंय. ज्यांनी थापा मारल्या होत्या ते आपापल्या तळहातांकडे बघत राहिले.

मी खूप रडलो. तुकडी उत्तरेला गेली, लढाई संपली, आणि मे महिन्यात मला शिकागोहून पत्र आलं. वेंडेलच्या आईचं. माझं नाव तिला त्याच्या पत्रांतून ठाऊक होतं. तिनं मला दोष दिला नव्हता, फक्त एका हाकेबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी तिच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. दार वाजलं, तिनं उघडलं, तर वेंडेल उभा. त्यानं एक पाय आत टाकला होता. एवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, त्यानं मागे वळून पाहिलं आणि तो पायऱ्या उतरून चालू लागला. हाकेचे शब्द तिला कळले नाहीत. तिला जसे ऐकू आले तसे तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. निघून ये. निघून ये.

खाली एकच ओळ होती : तो तुमच्याजवळ असेल तर त्याला पाठवा.

मी त्या मैदानावर गेलो. चुन्याच्या रेघा पुसल्या होत्या. मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, येतं तसं इंग्रजीत सांगितलं, जा बाबा, आई वाट बघतेय, माझी चूक झाली. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या हाका मारल्या. माणसाला बोलवायचं कसं हे मला येतं. पाठवायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. अंधार पडायच्या आत मी पिकअपमध्ये येऊन बसलो, तेव्हा शेजारच्या सीटची स्प्रिंग करकरली. मी वळून बघितलं नाही.

जूनमध्ये मला सुट्टी मिळाली. जेद्दाहून विमानात बसलो. खिडकीजवळची जागा रिकामी होती, म्हणून मी त्या सीटवर कुराणाची पिशवी ठेवायला गेलो. हाताला गार काहीतरी लागलं, तशी पिशवी मांडीवरच घेतली. थोड्या वेळानं जेवण आलं. हवाई सुंदरीनं माझ्यासमोर ताट ठेवलं, खिडकीकडे बघून आवाज बारीक केला आणि म्हणाली, “तुमचे मित्र झोपलेत, त्यांना नंतर देते.”

विमान मुंबईकडे चाललं होतं.