मधल्या दिव्यापाशी

आता तिथे ऐसपैस पूल आहे. मला मात्र अजूनही तो जुनाच आठवतो... जेमतेम एका गाडीपुरता. दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर मधला दिवा जो आधी ओलांडेल त्याने पुढे यायचं, दुसऱ्याने मुकाट मागे जायचं, असा दोन्ही गावांचा नियम.

बाबांच्या लाँड्रीची व्हॅन घेऊन मी पहिल्यांदाच एकटी पलीकडे निघाले होते. समोरून बेकरीची गाडी आली. तिने दिवा ओलांडला होता, मी नव्हता.

"मला... मागे घेता येत नाही," मी खिडकीतून म्हणाले.

गाडीतल्या तरुणाने हसू दाबलं. "मग पुलावर आलात कशाला?"

"पुढे जायला!"

"हेही खरंच," म्हणत त्याने गाडी पार टोकापर्यंत मागे नेली. शेजारून जाताना ताज्या पावाचा वास आला. दिवसभर तो काही नाकातून गेला नाही.

मग रोजच गाठ पडू लागली. तो वेळ साधायचा आणि मीही काही कमी नव्हते. दिव्याखाली थोड्या गप्पा, थोडी थट्टा, आणि मग त्याचं मागे जाणं.

शेजारी नव्या पुलाचे खांब वर येत होते. मी सोडून सगळे खूश होते. त्या रुंद पुलावर कोण कुणासाठी थांबणार?

जुन्या पुलाच्या शेवटच्या सकाळी त्याने दिव्याखाली इंजिन बंद केलं.

"आज मी मागे जाणार नाही."

"पण मला घेता—"

"येते. दुकानापुढे व्हॅन मागे घेत कशी झोकात लावतेस, कधीपासून बघतोय."

माझी चोरी पकडली गेली. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर रोज मागे कुणासाठी गेलो असतो?" त्याने आमच्या गावाकडे बोट केलं. "आज तुमच्या घरी यायचंय... बाबांना विचारायला. तू मागे घेतलीस तर."

मी रिव्हर्स गिअर टाकला. व्हॅन सरळ मागे निघाली. समोरच्या काचेत तो, हळूहळू माझ्यामागे, नव्हे, माझ्यापुढे येत होता.

बाबा इस्त्री हातात घेऊनच दारात आले.

"उलटी का आलीस गं? काय विसरलीस?"

"विसरले नाही बाबा," मी म्हणाले. "घेऊन आले."