ओट्याकडे वळलेली वेल

मनी प्लांट सांभाळणं हे काही शास्त्र नाही, असं माझं मत होतं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात मी तेहतीस वर्षं पॅनलसमोर काढली. काटा हलला तरच मानायचं, ही सवय. पण उज्ज्वला लातूरला लेकीकडे निघाली तेव्हा कॅलेंडरच्या मागे सूचना लिहून गेली. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. उजेड हवा, थेट ऊन नको. पानांवर बसलेली राख रोज ओल्या फडक्यानं पुसायची; पांढऱ्या भागावर हात हलका.

"आन एक," ती दारात म्हणाली, "सायलीचं नीट होईपर्यंत ह्याचं एक पानबी गळू देऊ नका. मागच्या टायमाला तुळस वाळली आन काय झालं, म्हाईत हाय ना?"

माहीत होतं. सायलीचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. आता डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचीसुद्धा मनाई केली होती. झाडाचा आणि बाळंतपणाचा काही संबंध नाही, हे मी कुणालाही पटवून दिलं असतं. फडकं मात्र लगेच भिजवलं.

झाड चोरीचं होतं. मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, असं आमच्या गल्लीतल्या बायका मानतात. पण चोरीला काही काळवेळ? शेजारच्या भिवराबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या खाटेच्या जागी रीतीप्रमाणे पीठ पसरून, दिवा लावून वर टोपली झाकली. सकाळी पिठावर जी खूण उमटते तिच्यावरून माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे. टोपली उचलली तर एक वाकडी रेघ. कुणी साप म्हणालं, कुणी गोगलगाय. मी म्हणालो, उंदराची शेपटी. बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला शोधायला लागलो. त्या गडबडीत उज्ज्वलानं भिवराबाईंच्या खिडकीतल्या कुंडीतलं एक कांडं खुडून पदराआड घेतलं.

भिवराबाईंबद्दल एवढंच सांगतो. कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय हे त्यांना बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. "काय केलंय आज?" म्हणत सरळ झाकण उचलायच्या. मला साखरेचा आजार निघाल्यावर माझ्या पेढ्यांची खबर उज्ज्वलाला त्याच पोचवायच्या.

उज्ज्वलाची गाडी सुटली आणि मी पेढे आणले. डबा तांदळाच्या पिंपामागे लपवला. चौथ्या दिवशी वेलीचा शेंडा पिंपापाशी आला होता.

झाड उजेडाकडे जातं, हे शाळेच्या पुस्तकात आहे. खिडकी पूर्वेला, पिंप अंधाऱ्या कोपऱ्यात. मी टेप लावला. चार दिवसांत अडीच फूट. डबा शिलाई मशीनच्या खणात हलवला. तीन दिवसांनी शेंडा खणाच्या फटीत होता.

मग एका दुपारी आमटी उकळत ठेवली होती. वळून बघतो तर एक कोवळं पांढरं पान झाकणाखाली शिरलेलं आणि झाकण बोटभर उचललेलं.

"आमटी हाय," मी म्हणालो. माझ्याच घरात, एका झाडाला.

कात्री हातात घेतली. सायलीचा चेहरा आठवला. कात्री खाली ठेवली. मला भीती वाटत होती, लपवत नाही.

भिवराबाईंची सून मनकर्णा ताक द्यायला आली. स्वयंपाकघराच्या दारात थबकली. वेल ओट्यावर पसरली होती. मनकर्णानं चटकन डोक्यावर पदर घेतला.

"पदर कावून गं?" मी विचारलं.

"काय म्हाईत, काका. हात आपसूक गेला."

तांब्या तिथंच ठेवून ती मागच्या पावली निघून गेली.

मंगळवारी सकाळी शेंड्याचं पांढरं पान ओट्यावर गळून पडलं होतं.

मी ते पान देठाला पुन्हा लावून बघितलं. तेहतीस वर्षं पॅनलवर बसलेला माणूस.

फोन वाजला.

"मुलगी झाली!" उज्ज्वला ओरडली. "आत्ताच. दोघीबी खुशाल हायत!"

मी रडलो. रडता रडता दोन पेढे खाल्ले. त्या दिवसापासून वेल शहाण्यासारखी खिडकीकडे वळली. सगळं मार्गी लागलं, म्हणून मी डबा आरामात फळीवरच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागे ठेवला.

बाराव्या दिवशी उज्ज्वलाचा व्हिडिओ कॉल आला.

"लई गुणाची हाय. रडत न्हाई. निस्तं भांड्याचं झाकण वाजलं की मान तिकडं करती."

मी हसलो. तिनं फोन बाळाच्या तोंडासमोर धरला.

बाळ माझ्याकडे बघत नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागे, फळीकडे, एकटक बघत होतं.

"अहो," उज्ज्वलाचा आवाज आला, "त्या पंचांगांमागं काय ठेवलंय?"