अनामिकेचं मधलं पेर

पडद्यावरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर थांबला. डॉ. गुळवणींनी चष्मा पुसला, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. आकडा तोच.

"यंत्र ठीक आहे, मॅडम," त्यांचे सहकारी डॉ. बागवान म्हणाले. "सकाळी स्वतःवर तपासलंय मी. माझे चौतीस भरले."

"तुमचे चौतीस भरले हेच मला जास्त वाटतंय." डॉ. गुळवणी खुर्चीत अर्धवट आडव्या झालेल्या बाईंकडे वळल्या. "शेडबाळे ताई, तुम्ही नोकरी कुठे करता म्हणालात?"

"सांगलीच्या छतजल नोंदणी कार्यालयात," त्रिशला शेडबाळे म्हणाली. "वरिष्ठ लिपिक."

"तरीच!" दोघंही एकदम म्हणाले.

मिरजेच्या प्रशम प्रयोगशाळेतली ती शनिवारची सकाळ होती. त्रिशलाच्या दंडाला नळी लावलेली होती आणि आपण नक्की काय विकायला आलो आहोत, हे तिला अजून नीटसं उमगलं नव्हतं. डॉ. गुळवणी स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.

"हे बघा ताई. राग आला की मेंदू जिभेला नि हाताला हुकूम सोडतो. बोल, फेक, मार. तो हुकूम वाटेत अडवायला मेंदूच्या पुढच्या भागाला एक द्रव्य लागतं. आम्ही त्याला निग्रहद्रव्य म्हणतो. ते वापरलं की वाढतं. रोज अडवणाऱ्याकडे साठा होतो, तालमीत जाणाऱ्याच्या दंडासारखा. ज्यानं जन्मात कधी अडवलं नाही, त्याच्याकडे ठणठणाट."

"आणि तो साठा काढून दुसऱ्याला देता येतो?"

"रक्तासारखा. पाव हिस्सा गाळून घेतला, तर आठवड्यात भरून येतो. ज्याला देतो त्याला पाच दिवस पुरतो. मात्र तुमचा भरून यायचा, तर आठवडाभर तुम्हाला रोज काहीतरी गिळावं लागेल."

"त्याची काळजी नको," त्रिशला म्हणाली.

डॉ. बागवान हसले. "सही करण्याआधी एक सांगायला हवं. प्रत्येकाच्या निग्रहाला त्याचं त्याचं वळण असतं आणि ते द्रव्याबरोबर जातं. आमचे एक दाते होते. राग आला की पाण्याचा घोट घेऊन तोंडात धरायचे. त्यांचं द्रव्य घेणाराही तसंच करायला लागला."

"एवढंच?"

"नाही. राग गिळल्यावर माणूस पुढं जे करतो, तेही त्यालाच चिकटलेलं असतं. हेच दाते राग गिळून झाला की भांडी घासायला बसायचे."

"मग घेणारा?"

"एक कारखानदार होता. त्याच्या बायकोनं आम्हाला पेढे पाठवले."

त्रिशला हसली. मग तिनं मनात अडलेलं विचारून टाकलं. अकरा वर्षांपूर्वी चातुर्मासात तिनं जैन साध्वी माताजींसमोर नियम घेतला होता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही. अकरा वर्षं तो मोडला नव्हता. या दानानं तो मोडेल का?

"तीन हिस्से तुमच्याकडेच राहतात ना," डॉ. गुळवणी म्हणाल्या. "सर्वसाधारण माणसापेक्षा ते तिप्पट झाले. खुशाल करा सही."

त्रिशलानं सही केली. शिशीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. घेणाऱ्याला दाता कळायचा नाही, दात्याला घेणारा.

इथवर ती सुखासुखी आली नव्हती. नवऱ्याचं, भूपालचं, छपाईचं दुकान बसल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं आणि लेक चंदना फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. शनिवार-रविवारी काहीतरी करावं म्हणून तिनं काय काय पाहिलं नव्हतं! यंत्रांना गवार आणि भेंडी यांतला फरक शिकवायचं घरबसल्या काम मिळालं. सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगी हवी म्हणून तिनं अर्ज केला, तो साहेबांच्या टेबलावर जाऊन बसला. शेजारच्या मंगल कार्यालयात स्वयंपाकावर देखरेख करायची होती; तिथं कांदा-बटाट्याशिवाय पान हलत नव्हतं, ते तिच्या आहाराच्या नियमात बसेना. शिकवण्यांनाही परवानगी. तो अर्जही साहेबांच्याच टेबलावर. निग्रहदान मात्र कायद्यानं नोकरी नव्हती. ते दान होतं आणि मिळायचं ते मानधन. त्याला साहेबांची सही लागत नव्हती. तिला ते काम आवडण्याचं निम्मं कारण हेच होतं.

खरं तर जोडकामाची गरजच पडायला नको होती. कार्यालय अधीक्षक म्हणून तिची बढती तीन वर्षांपूर्वीच व्हायची. बढती समितीपुढं नाव जायला वरिष्ठानं लिहिलेला गोपनीय अहवाल लागतो. तिचा अहवाल तीन वर्षं धुमाळसाहेबांच्या खणात कोरा पडून होता. दरवर्षी समिती बसायची, दरवर्षी तिचं नाव 'अहवाल अप्राप्त' म्हणून बाजूला पडायचं.

धुमाळसाहेब ओरडायचे. छतावरच्या पाण्याच्या हक्काची चुकलेली नोंद असो की गार झालेला चहा, आवाज तोच. एकदा अहवालाचं विचारल्यावर संतापाच्या भरात खरं बोलून गेले होते, "तुम्ही बढतीवर गेलात तर हे टेबल कोण सांभाळणार? मी?"

असं झालं की त्रिशला उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर दाबायची. णमोकार मंत्राची मोजणी ती बोटांच्या पेरांवर करायची. राग आला की अंगठा आपोआप त्या एका पेरावर येऊन थांबायचा. मग मान खाली घालून म्हणायची, "करते, साहेब. चूक माझीच." आणि जागेवर जाऊन समोर जे काम तुंबलेलं असेल ते संपवायची. साहेबांचंसुद्धा. बावीस वर्षं.

पहिले तीन शनिवार छान गेले. चंदनाच्या वसतिगृहाचं भागलं. भूपाल एकदा कौतुकानं म्हणाला, "नुसतं गप्प बसायचे पैसे देतात तुला? मग मला का नाही बोलवत?"

"तुमचं मोजायला गेले तर यंत्र उलटं फिरेल," ती म्हणाली.

चौथ्या आठवड्यात कार्यालयात एक विचित्र गोष्ट घडायला लागली. सोमवारी सकाळी शिपाई हुंडेकरी तिच्या टेबलापाशी येऊन कुजबुजला, "अक्का, साहेबास्नी काय झालंय ओ? च्या गार होता, तरी पिले. आन् मला म्हनले, राहू दे हुंडेकरी, त्यात काय."

"बरं नसेल त्यांना."

"सोमवारी गाय आन् शुक्रवारी वळू, असला कसला आजार म्हनायचा ह्यो?"

त्रिशलालाही आशा वाटली. शांत माणसाशी बोलता येतं. ती आत गेली, अहवालाचं विचारलं. धुमाळसाहेबांनी मान हलवली, मंद हसले. "बघू हं, शेडबाळे. करू आपण."

मंगळवारी "करू." बुधवारी "अगदी डोक्यात आहे माझ्या." ओरडणारे साहेब निदान खरं कारण तरी सांगून टाकायचे. या शांत साहेबांच्या तोंडून काहीच निसटत नव्हतं. अहवालावर धूळ बसायची ती बसतच होती. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत निदान लागते. हे कापसाच्या गादीवर डोकं आपटण्यासारखं झालं होतं.

आणि तिकडं प्रयोगशाळेत तिचा आकडा उतरायला लागला. एकशे पन्नास, मग एकशे वीस. सातव्या शनिवारी चौऱ्याऐंशी.

"भरून का येत नाहीये?" डॉ. गुळवणींनी कपाळाला आठ्या घातल्या. "कार्यालयात काही बदललंय का, ताई?"

"आमचे साहेब ओरडायचे कमी झालेत."

"अरेरे," डॉ. बागवान मनापासून म्हणाले.

"बघा म्हणजे," त्रिशलाच्या आवाजाला धार आली. तिची तिलाच जाणवली. "बावीस वर्षं छळलं तेव्हा त्याचं कुणी काही दिलं नाही. आता त्यातून चार पैसे मिळायला लागले, तर या माणसानं छळायचंही बंद केलं!"

मग डॉ. गुळवणी म्हणाल्या, "आज खरं तर मी तुम्हाला परतच पाठवणार होते. पण तुमचंच द्रव्य घेणाऱ्या एकांनी या वेळी दुप्पट मात्रा मागितली आहे. सोमवारी दुपारी त्यांची वरच्या पदासाठी मुलाखत आहे. दुसऱ्या कुणाचं त्यांना मानवत नाही. मानधन दुप्पट मिळेल."

"पहिल्या मात्रेच्या हिशेबानं दुप्पट घेतलं तर यांच्याकडे काहीच उरणार नाही," डॉ. बागवान म्हणाले. "माझ्या मते घेऊ नये."

"काहीच म्हणजे?" त्रिशलानं विचारलं.

"म्हणजे जे मनात येईल ते अडणार नाही. राग, रडू, हसू, काहीच. निग्रह काय फक्त रागाला अडवतो असं थोडंच आहे? तीन दिवस घरात बसावं लागेल. सोमवारी रजा घ्या."

सोमवारी रजा! सोमवारी संध्याकाळी पाचला समितीकडे अहवाल पाठवायची मुदत संपत होती. नव्या नियमानं समिती यंदा बसली की पुढं दरवर्षी नाही, तीन वर्षांनीच बसणार होती. आणि चंदनाची परीक्षा फी मंगळवारपर्यंत भरायची होती. बाजूला पडलेलं नाव आणि दारात उभी फी, दोन्हींच्या मधे त्रिशला त्या तिरक्या खुर्चीत पडून छताकडे बघत राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "मी तोंड बंद ठेवीन."

"ताई, तेच तर काढून घेतोय आम्ही," डॉ. बागवान म्हणाले. पण तिनं दंड पुढं केला होता.

रविवार तिनं मौन धरून काढला. कागदावर लिहून भाजी मागवली. भूपाल काहीतरी विनोद करायला गेला आणि तिच्या डोळ्यांकडे बघून मुकाट्यानं बाहेर जाऊन बसला.

सोमवारी अकरा वाजता ती धुमाळसाहेबांच्या दालनात शिरली. साहेब नवा सदरा घालून बसले होते. बारा वाजता त्यांना मुलाखतीला निघायचं होतं. दार उघडंच राहिलं.

"साहेब, अहवाल. आज मुदत आहे."

"हो हो, शेडबाळे. मी आलो ना मुलाखतीहून, की बघू."

'बरं' म्हणून परत फिरायचं, हे तिला बावीस वर्षं येत होतं. तिचा अंगठा अनामिकेवर गेला. पेर दाबलं गेलं. पण दाबल्यावर आत जे काहीतरी घट्ट व्हायचं, ते झालंच नाही. विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरड्या तळावर आपटावी, तसं.

"बघू?" ती म्हणाली. "तीन वर्षं बघताय! काय बघताय? एक पान आहे ते! तुमच्या नोंदी मी लिहिते, तुमची उत्तरं मी लिहिते. आज ज्या मुलाखतीला चाललाय ना, तिचं टिपणसुद्धा मीच लिहिलंय! आणि माझ्याबद्दल चार ओळी लिहायला तुम्हाला हात नाही? माझी लेक तिकडं एक वेळ जेवून शिकते. मी माझं रक्त गाळून देते दर शनिवारी, कळतंय का? रक्त! कुठल्या तरी उपऱ्याला शांत झोप लागावी म्हणून! का? तर तुमच्या खणाला गंज चढलाय म्हणून!"

बाहेरचे सगळे आवाज थांबले होते. हुंडेकरी चहाचा ट्रे घेऊन दारात पुतळ्यासारखा उभा राहिला. नियम मोडला हे तिला कळत होतं. मोडलेल्या नियमावरून शब्द धो धो वाहत होते आणि एकही अडत नव्हता.

आता साहेब फुटणार, असं सगळ्यांनाच वाटलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, ओठ हलले. आणि मग टेबलावर ठेवलेला त्यांचा उजवा हात किंचित वळला. अंगठा सरकत सरकत अनामिकेच्या मधल्या पेरावर येऊन थांबला. दाबला गेला.

त्रिशलाचं बोलणं तुटलं.

ओठ मिटले. मान खाली गेली. अगदी हळू, कमावलेल्या आवाजात धुमाळसाहेब म्हणाले, "करतो. चूक माझीच."

त्यांनी खण उघडला. अहवालाचा कागद काढला, हातानं पुसला आणि लिहायला लागले. चार ओळी लिहिल्या, शेरा लिहिला, सही केली, शिक्का मारला. तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच खणातले तिचे पूर्वपरवानगीचे दोन अर्ज काढले, त्यांवरही सह्या केल्या. मग हुंडेकरीचा वैद्यकीय रजेचा अर्ज. मग टेबलाच्या डाव्या बाजूला तुंबलेला नोंदींचा गठ्ठा पुढं ओढला. घड्याळात बारा वाजत आले होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं. समोरचं काम संपवायचं, एवढंच त्यांना कळत होतं.

त्रिशला उभी राहून पाहत होती. खांदे पडलेले, मान खाली, अंगठा पेरावर. आरशात हे कधी दिसत नाही. आरशासमोर आपण मान वर करून उभे असतो. बावीस वर्षं या टेबलापलीकडून साहेबांना जे दिसत होतं, ते हे. एवढं केविलवाणं?

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तेही अडवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. मोडला तो मोडला, निदान प्रायश्चित्त तरी इथंच घ्यावं, असं मनात आलं आणि मनात आलेलं तोंडातून गेलंच.

"साहेब, क्षमा करा. फार कठोर बोलले."

धुमाळसाहेबांनी वर न बघताच मान हलवली. तिच्याच आवाजातला तो मवाळपणा, तीच हलकी माघार.

"नाही नाही. त्यात काय. मला काही वाटत नाही."

"खबरदार!" त्रिशला ओरडली. असा आवाज त्या कार्यालयात कधी धुमाळसाहेबांनीही काढला नव्हता. हुंडेकरीच्या हातातले कप खडखडले. "वाटतं! खूप वाटतं! पुन्हा असं कधी म्हणायचं नाही, कळलं?"

साहेबांचा अंगठा पेरावर आणखी घट्ट दाबला गेला.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढची नोंद लिहायला घेतली.