हिरालालच्या मळ्यातला फोकस

केनवडच्या बाजाराला वांगी पुरवणारा हिरालालचा मळा गावाला लागूनच होता, आणि करणला आपल्या माहितीपटासाठी तोच हवा होता. रोपं लावल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत दर महिन्याला एकच चौकट टिपायची: पुढे बाजेवर बसलेला हिरालाल, मागे पाण्याचा पाट, त्यामागे चवळीचा मांडव आणि पार टोकाला बांधावरची बाभूळ. तेही डिजिटलवर नाही, खऱ्या फिल्मवर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण करणच्या हौसेला ते चांगलंच होतं. म्हणून महिन्याला एकच टेक मिळायचा.

कॅमेरा समीक्षाच्या हाती होता. वाशीमची पोरगी, पुण्याला शिकलेली. एकटीनं कॅमेरा सांभाळायची ही तिची पहिलीच खेप. जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांपाशी ती तिवईचे पाय रोवायची, काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत फिल्म भरायची, जिथून फिल्म सरकते ती खाच मऊ ब्रशनं झाडायची. मग कॅमेऱ्याच्या अंगावरच्या खिट्टीला मोजायच्या टेपचं टोक अडकवायचं आणि टेपची डबी हिरालालच्या हाती द्यायची. त्याच्या डोळ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यावर लेन्सची रिंग. आजीच्या मापट्याइतका सरळ हिशेब.

पहिल्याच दिवशी डबी डोळ्याशी धरून हिरालाल म्हणाला, "पोरी, मांगून कोन वढून राह्यलं?"

"कोनी नाई काका. तुमी नीट धरा."

त्याची बायको जिजाबाई शेजारच्या वाफ्यात निंदत होती. ती हसली. "म्हातारा झाला थो. त्याले काईबी वाटते."

मुंबईच्या लॅबमधून चित्रं आली, ती समीक्षानं पुन्हा पुन्हा पाहिली. हिरालालचा चेहरा पुसट होता आणि बांधावरच्या बाभळीचा काटान् काटा स्पष्ट. करण फोनवर शांतपणे बोलला, तेच जास्त लागलं. पुढच्या खेपेला मांडवावरच्या शेंगा मोजून घ्याव्यात अशा आल्या. हिरालाल तसाच धूसर.

"अजून एकदा असं झालं, तर मी मुंबईहून माणूस बोलावीन," करण म्हणाला.

तिनं लेन्स तपासली. खोलीच्या भिंतीवर रेघांचा तक्ता लावून प्रत्येक अंतरावर पाहिलं, टेप दुसऱ्या टेपशी ताडून पाहिला. कुठंच खोट नव्हती. शॉट घेताना तर कॅमेऱ्यातून हिरालाल स्वच्छ दिसायचा. पण या कॅमेऱ्यात लेन्समागे एक आरसा गरगर फिरतो. तो आड आला की उजेड डोळ्याकडे जातो, सरकला की फिल्मकडे. फिल्म ज्या क्षणी बघते, त्या क्षणी डोळ्यापुढे अंधार असतो. शिकताना तिला याची गंमत वाटली होती. आता वाटेना.

तिसऱ्या खेपेला पाटातलं पाणी लखलखीत आलं. करणनं मुंबईच्या माणसाशी बोलणंही सुरू केलं.

चौथ्या खेपेला मात्र हिरालाल आला. पापण्या, सुरकुत्या, मिशीतला चुन्याचा ठिपका, सगळं. करणनं मुंबईचा माणूस रद्द केला. "शेवटचा तोडा असाच आण, पुढची फिल्म तुझीच," तो म्हणाला. समीक्षा आनंदानं रडली, कुणाला न सांगता.

रात्री जेवताना मात्र तिच्या मनात ते सगळं ओळीनं उभं राहिलं. बाभूळ, मांडव, पाट, बाज. दर खेपेला कॅमेऱ्याच्या आणखी जवळ. तिनं ताट सारलं.

शेवटच्या तोड्याला करण स्वतः आला. वांग्याच्या टोपल्या भरून ठेवलेल्या, ऊन लख्ख. एकच रीळ उरलं होतं आणि वाफ्यांतली झाडं संध्याकाळी उपटायची होती. पुन्हा घेऊ म्हणायची सोय नव्हती.

तिनं टेप अडकवला आणि ती लेन्स पुसायला वळली. हिरालालनं डबी डोळ्याशी धरली.

"आज मांगून नाई वढत कोनी," तो म्हणाला.

"बरं झालं ना काका."

"तुयाकडून वढून राह्यलं."

तिच्या दोन्ही हातांत लेन्सचं फडकं होतं. टेप ताणलेला होता.

"काय झालं?" करणनं विचारलं.

"काही नाही," समीक्षा म्हणाली. तिनं आकडा वाचला, रिंग लावली, टेप काढला. सांगून काय होणार होतं? हातचं काम गेलं असतं, एवढंच.

तिनं कॅमेऱ्यामागच्या, डोळा लावायच्या भिंगाच्या रबरी कडेला डोळा टेकवला. रबर कोमट होतं. उन्हानं असेल.

"चालू," करण म्हणाला.

फिल्म सरसरली. समोर हिरालाल, स्वच्छ.

मग भिंगाच्या आतून तिच्या पापणीला काहीतरी लागलं. मऊ, बारीक केसांचं.

फिल्म चालू असताना त्या भिंगावरून डोळा काढायचा नसतो. काढला की मागून ऊन आत शिरतं आणि रीळ जळतं.

तिनं डोळा काढला नाही.

करण "कट" म्हणेपर्यंत ती दुसरी पापणी तिच्या पापणीला घासत सावकाश मिटली आणि पुन्हा उघडली. समीक्षाची उघडीच होती.