कापलेला कोश

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. धाकट्या बहिणीला, छोटीला, तसा शब्द दिला होता. पण आता गप्प बसले तर उशीर होईल, म्हणून लिहिते आहे. मामा आला की वही त्याच्याच हातात देईन.

मामा जंगलात वनरक्षक आहे. रविवारी त्याचा डबा घेऊन आम्ही दोघी बहिणी चौकीवर गेलो. मागच्या खोलीत तो रानातले मोठे पतंग वाढवतो. अंड्यातून सुरवंट, महिनाभर नुसतं पानं खाणं, मग रेशमाचा कोश. तपकिरी कोश काडीला ओळीने लटकत होते.

“या पतंगाला तोंडच नसतं,” मामा म्हणाला. “खाणं नाही, बडबड नाही. छोटे, तुझ्या अगदी उलट.”

“मग जगतो कसा?”

“सुरवंट असताना खाल्लेल्यावर. जेमतेम आठवडाभर. मादीच्या वासावर पिसांसारख्या मिशांचे नर कुठून कुठून येतात, तेवढंच त्यांचं काम.” मग त्याने बजावलं, “कोशाला हात लावायचा नाही. पतंग आपला आपण बाहेर येतो. कापून मदत केली तर पंख कधीच उघडत नाहीत.”

मामा पाणी भरायला गेला. एका कोशातून खरवडल्याचा आवाज येत होता.

“ताई, पतंग आत अडकलाय गं...” छोटी रडवेली झाली.

कात्री मीच दिली.

आत बारीक मिशांची मादी होती. ओलीच बाहेर आली, पंख चुरगळलेले. छोटीच्या बोटावर चढली आणि थोड्या वेळाने हलेनाशी झाली.

त्या रात्रीपासून छोटीने एक घास गिळलेला नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे, नाटकं करतेय. बोलणंही तिने सोडलं. आणि मंगळवारपासून तिन्हीसांजेला तिच्या खिडकीच्या जाळीवर पतंग येऊन बसतात. आमच्या गल्लीत एक झाड नाही. सगळ्यांच्या मिशा पिसांसारख्या. म्हणजे सगळे नर.

आज सकाळपासून ती डोक्यावरून चादर घेऊन पडली आहे. मघाशी मी चादर ओढून पाहिली. निघेना. कडेने ती गादीला चिकटली आहे, बारीक तपकिरी धाग्यांनी. आतून खरवडल्याचा आवाज येतो. मी कान लावला तेव्हा छोटी इतक्या दिवसांनी बोलली, अगदी हळू.

“ताई... या वेळी नको.”

मामाला फोन केला आहे. त्याला पोचायला अजून तास तरी लागेल. जाळीवरचा एकही पतंग हलत नाही.

“अगं ए, तुझी कात्री घेऊन ये लवकर,” आई आतून हाक मारते आहे. “पोरगी चादरीत गुदमरेल...”

मला आधी आईला सांगायलाच हवं, की कापलं तर छोटीचे पंख...